कलप चढतो कसा, उतरतो कसा

पांढऱ्या केसावर काळा रंग चढविणें मनुष्याला फार पूर्वीं साधलें. काळा केस उजळ करणें त्याला फार उशिरां साधलें. आणि एकदां चढविलेला काळा कलप केसाला इजा न होऊं देतां उतरविणें तर आजहि सर्वांना साधलें आहे असें नाहीं. पहिल्या कामाला एक लोखंडी भांडें, मूठभर आंवळे आणि एक दुपार पुरत असे. दुसऱ्या कामासाठीं रसायनशास्त्राला दोनशें वर्षें खपावें लागलें, आणि तेवढ्या अवधींत कित्येकींचे केस गेले, कांहींची दृष्टि गेली, क्वचित् प्राणहि गेला. आज मोठ्या शहरांतील पार्लरांत काळ्याभोर केसांना एका बैठकींत तांब्याचा किंवा मधाचा वर्ण आलेला दिसतो. तो पाहून हें काम हातरुमाल धुण्याइतकें सोपें वाटूं लागतें. कलपाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या सूचना मग कोणी वाचीत नाहीं. परंतु त्या सूचनांतील बहुतेक प्रत्येक ओळीमागें कोणाचें तरी नुकसान उभें आहे. कलपाचा इतिहास म्हणजे बव्हंशीं त्या ओळींचाच इतिहास होय.

हा इतिहास समजण्यास आधीं केसाची घडण पाहिली पाहिजे. डोक्यावर जो केस दिसतो तो निर्जीव असतो. जीव असतो तो त्वचेखालील मुळांत. केसाच्या बाहेरच्या अंगास पारदर्शक खवल्यांचें एक वेष्टन असतें. छपरावर कौलें जशीं एकावर एक बसविलेलीं असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. त्यांच्या आंत केसाचा गाभा. हा गाभा केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंचा बनलेला असून त्या तंतूंना परस्परांशीं जखडून ठेवणारे मुख्य बंध गंधकाचे असतात. केस जळाला असतां जी उग्र घाण सुटते ती बरीचशी या गंधकामुळेंच. केसाचा स्वाभाविक वर्ण याच गाभ्यांत मेलॅनिन नांवाच्या द्रव्याच्या सूक्ष्म कणांच्या रूपानें वसत असतो. मेलॅनिन दोन जातींचें असतें : एक काळसर तपकिरी, दुसरें तांबूस पिंवळें. भारतीय केसांत पहिल्याचें प्राबल्य असतें. रंग चढवावयाचा असो कीं उतरवावयाचा असो, टिकाऊ परिणाम हवा असेल तर खवल्यांचें दार उघडून गाभ्यांत शिरावें लागतें. आणि गाभ्यांत शिरलेलें तीव्र रसायन रंगाबरोबर त्या गंधकी बंधांनाहि धक्का लावल्यावांचून राहत नाहीं. जिवंत त्वचेवरील जखम भरून येते, निर्जीव केसावरची येत नाहीं. कलपाची सारी कहाणी या एका अडचणीभोंवतीं फिरते.

केस काळे करण्यांत प्राचीनांनीं चांगलेंच कौशल्य मिळविलें होतें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें रचलेल्या बृहत्संहितेंत गंधयुक्ति नांवाचें एक प्रकरण आहे, आणि त्याच्या आरंभींच पिकलेले केस काळे करण्याची कृति दिली आहे. लोखंडी भांड्यांत आंबट द्रवांत कोद्रव नांवाचें धान्य शिजवावें, त्यांत लोहचूर्ण घालून बारीक वाटावें, तो लेप मस्तकावर देऊन ओल्या पानांनीं डोकें गुंडाळून ठेवावें, आणि तो धुतल्यावर आंवळ्याचा लेप द्यावा, असा त्या कृतीचा सारांश आहे. आजच्या रसायनज्ञाला यांत विस्मय वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आंबट द्रवानें लोखंड विरघळतें, आंवळ्यांत तुरट द्रव्य असतें, आणि दोहोंची गांठ पडली कीं काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पोथ्या लिहिण्याची जी शाई होत असे ती याच न्यायानें. म्हणजे ज्या विद्येनें ताडपत्राशेजारची दौत भरली, तिनेंच राजाचे पांढरे केसहि झांकले.

ग्रीक आणि रोमन लोकांनीं लोखंडाऐवजीं शिसें वापरलें. शिशाचें भस्म आणि विरवलेला चुना यांचा लेप केसांवर दिला असतां ते हळूहळू काळे होत. हें कसें घडतें याचा उलगडा पॅरिस येथील संशोधकांनीं २००६ मध्यें केला. चुन्यानें खवले सुटतात, शिसें गाभ्यांत शिरतें, तेथें त्याची केसांतील गंधकाशीं गांठ पडते, आणि शिशाच्या काळ्या गंधकिदाचे अतिशय सूक्ष्म स्फटिक केसाच्या आंतच तयार होतात, असें त्यांना दिसून आलें. ज्याला डोळ्यांनीं पाहतां येणें अशक्य अशा प्रमाणावर चाललेलें हें कारागिराचें काम दोन हजार वर्षें चालू होतें, आणि करणाऱ्याला त्याची वार्ताहि नव्हती. मात्र शिसें तें शिसेंच. तें विष आहे. असे क्षार घातलेले कलप अमेरिकेंत एकविसाव्या शतकापर्यंत विकले जात होते, आणि त्यांची परवानगी रद्द करण्याचा निर्णय तेथील अन्न व औषध प्रशासनानें २०१८ मध्यें घेतला. लोखंड काय किंवा शिसें काय, असे धातु केसांत ठाण मांडून बसतात ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें रंग उतरविण्याच्या प्रसंगीं हेच धातु आडवे येतात.

केस काळे करण्याची हौस जशी जुनी, तशीच ते उजळ करण्याचीहि जुनी. रोमन पंडित थोरला प्लिनी यानें इ. स. ७७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथांत साबणाची नोंद केली आहे, ती धुण्याचें साधन म्हणून नव्हे, तर केस तांबूस करण्याचा गॉल लोकांचा शोध म्हणून. चरबी आणि लाकडाची राख यांपासून तो करीत, बीच नांवाच्या झाडाची राख आणि बोकडाची चरबी यांचा उत्तम होई, आणि जर्मन लोकांत स्त्रियांपेक्षां पुरुषच तो अधिक वापरीत, असें तो सांगतो. राखेंतील क्षारानें खवले फुगतात, गाभा उघडा पडतो, आणि उन्हाची मदत मिळाली कीं रंग फिकट होतो. परंतु क्षाराला केस आणि रंग यांतील भेद कळत नाहीं. ओव्हिड या कवीनें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या प्रेमकवितांत एक संपूर्ण कविता या विषयाला वाहिलेली आहे. रंगाच्या प्रयोगांनीं जिचे सुंदर केस गळून गेले त्या प्रियेला तो तींत कधीं बोल लावतो, कधीं तिची समजूत घालतो, आणि जिंकलेल्या जर्मनांकडून आलेल्या केसांच्या टोपावर तिला आतां भागवावें लागेल याकडे लक्ष वेधतो. केशरंगाच्या अपघाताची याहून प्रसिद्ध अशी प्राचीन साक्ष मिळणें कठीण.

सोळाव्या शतकांतील व्हेनिसमध्यें ही हौस कळसाला पोंचली. त्या जलमय नगरींत घरांच्या छपरांवर लांकडी मचाण उभारण्याची चाल होती. त्याला आल्ताना म्हणत. तेथें बसून स्त्रिया केस उन्हांत वाळवीत. तोंडाचा वर्ण काळवंडूं नये म्हणून सोलाना नांवाची एक विलक्षण टोपी त्या घालीत. तिला काठ रुंद असे, पण माथा मुळींच नसे; मधल्या भोंकांतून केस वर काढून ते काठावर चोहों बाजूंनीं पसरीत, आणि काठीला बांधलेल्या स्पंजानें औषधी पाणी पुन्हांपुन्हां लावीत. चेसारे व्हेचेल्लिओ यानें १५९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या वेषभूषाविषयक पुस्तकांत अशा स्त्रीचें चित्रच दिलें आहे. त्याआधीं १५६२ मध्यें जोव्हान्नी मारिनेल्लो या वैद्यानें स्त्रियांच्या शृंगारसाधनांवर लिहिलेल्या ग्रंथांतहि केस सोनेरी करण्याच्या कृति आढळतात. ऊन मेलॅनिनचा नाश करतें हें खरें, पण तें सावकाश करतें. ज्यांच्यापाशीं अनेक मोकळ्या दुपारी होत्या त्यांनाच ही हौस परवडणारी होती. सोनेरी केसांत केवळ रंग नव्हता. त्यांत फावल्या वेळाची श्रीमंतीहि होती.

ही श्रीमंती सर्वांना सुलभ करणारें द्रव्य १८१८ मध्यें सांपडलें. लुई झाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञानें पाण्यासारखाच दिसणारा, परंतु पाण्याहून अधिक प्राणवायु धारण करणारा एक द्रव तयार केला. हेंच हायड्रोजन पेरॉक्साइड. जादा प्राणवायु मोकळा करून स्वतः पुन्हां पाणी होण्याकडे या द्रवाची ओढ असते, आणि मोकळा होतांना तो प्राणवायु भेटेल त्या रंगीत द्रव्याचें विघटन करतो. केसांवर त्याचा प्रयोग १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत लोकांसमोर झाला. लंडनचा रसायनज्ञ थिएले आणि पॅरिसचा केशभूषाकार लेओं युगो या दोघांनीं तो करून दाखविला. द्रवाचें प्रमाण शेंकडा ३ इतकें सौम्य होतें. व्हेनिसच्या मचाणावरील कित्येक दुपारींचें काम आतां एका बाटलींत मावलें.

या द्रवांत थोडा अमोनिया मिसळला कीं त्याचें बळ वाढतें, कारण अमोनिया खवले उघडतो आणि पेरॉक्साइडला उत्तेजित करतो. मग केसांतील मेलॅनिन ठरलेल्या क्रमानें फिकें पडत जातें. काळा केस प्रथम तपकिरी होतो, मग तांबडा, मग नारिंगी, मग पिंवळा, आणि शेवटीं पिकल्या केळ्याच्या सालीच्या आंतील बाजूइतका फिकट पिंवळा. ही शिडी एकेक पायरीनेंच उतरावी लागते. मधली पायरी गाळतां येत नाहीं. काळसर मेलॅनिन आधीं जातें आणि तांबूस पिंवळें चिवटपणें मागें राहतें, म्हणून भारतीय केस उजळवितांना मध्यंतरीं नारिंगी झांक दिसणें हें चुकीचें लक्षण नसून तो रसायनाचा नियम आहे. शेवटच्या पायरीपलीकडे जाऊन केस पांढराशुभ्र करण्याचा हट्ट धरला तर रंगाबरोबर गाभ्यांतील बंधहि तुटतात, आणि ओला केस रबरासारखा ताणून तुटूं लागतो. कुशल केशभूषाकार म्हणूनच फिकट पिंवळ्यावर थांबतो, आणि उरलेला पिंवळेपणा जांभळट छटेच्या सौम्य रंगानें मारतो.

एकीकडे रंग उतरविण्याचें साधन मिळालें, तोंच दुसरीकडे रंग चढविण्याचें नवें साधनहि पुढें आलें. १८५६ मध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग गवसला, आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. पर्किनचे गुरु हॉफमन यांनीं याच वर्गांतील पॅरा-फेनिलीन-डायअमीन या पदार्थाचा अभ्यास केला. लांबलचक नांवामुळें त्याला आज संक्षेपानें पीपीडी म्हणतात. त्याचा केशरंगासाठीं उपयोग करण्याचें पेटंट मोने या फ्रेंच गृहस्थानें १८८३ मध्यें घेतलें. पुढें १९०७ मध्यें ओझेन श्युलेर या तरुण रसायनज्ञानें पॅरिसमध्यें आपला केशरंग तयार केला आणि १९०९ मध्यें कंपनी स्थापिली. तीच पुढें लॉरियाल या नांवानें जगभर पसरली. तिचें मूळचें नांव मोठें बोलकें होतें. केसांसाठीं निरुपद्रवी रंग करणारी फ्रेंच कंपनी, असा त्याचा अर्थ. निरुपद्रवी हें विशेषण कंपनीच्या नांवांतच घालावें लागलें, यावरून त्या काळच्या ग्राहकाच्या मनांत कलपाविषयीं केवढी धास्ती होती हें दिसतें.

पीपीडीची युक्ति अशी आहे कीं, त्याचे कण मुळांत अगदीं लहान आणि वर्णहीन असतात. खवल्यांच्या फटींतून ते सहज गाभ्यांत शिरतात. आंत पेरॉक्साइडची गांठ पडली कीं ते एकमेकांशीं आणि सोबतच्या दुसऱ्या द्रव्यांशीं जोडले जाऊन मोठे, रंगीत कण बनतात. अरुंद दारांतून मुलें एकेक करून आंत शिरावींत, आंत जाऊन त्यांनीं घट्ट फेर धरावा, आणि मग तो फेर दारांतून बाहेर निघूं नये, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच असा कलप धुऊन जात नाहीं. येथें एक सूक्ष्म गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. या कामीं वापरलेलें पेरॉक्साइड नव्या रंगाला जन्म देतांना केसाचा मूळचा रंगहि थोडा खातें. वरून काळ्याभोर दिसणाऱ्या रंगविलेल्या केसाच्या पोटांत मूळचा वर्ण पूर्वींइतका गडद राहिलेला नसतो. तो कांहींसा तांबूस झालेला असतो.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत चित्रपटांनीं उजळ केसांची लाट आणली. १९३१ च्या प्लॅटिनम ब्लाँड या अमेरिकन बोलपटांतील जीन हार्लो या नटीचे जवळजवळ पांढरे केस पाहून असंख्य तरुणींनीं पेरॉक्साइडच्या बाटल्या हातीं घेतल्या. १९३७ मध्यें वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं ती मरण पावली, तेव्हां केसांच्या रसायनांनींच तिचा बळी घेतला अशी वदंता उठली. ती खरी नव्हती. तिचा मृत्यु मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें झाला. परंतु ज्या वेळीं लोक या खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवीत होते, त्याच सुमारास एका खऱ्या अनर्थाची हकीकत अमेरिकन सरकारच्या दप्तरीं पडून होती. लॅश ल्युअर नांवाचा एक कलप पापण्या आणि भुंवया काळ्या करण्यासाठीं विकला जात असे. त्यांत पीपीडीच्या वर्गांतील द्रव्य होतें. तें लावल्यामुळें कांहीं स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, अंधत्व आलें, आणि एक मृत्युहि घडला. १९०६ च्या तत्कालीन कायद्याचा अंमल अन्न आणि औषधें यांवरच चाले. शृंगारसाधनें त्याच्या कक्षेबाहेर होतीं. त्यामुळें सरकारी अधिकाऱ्यांना हा माल जप्त करण्याचा अधिकारच नव्हता. त्यांच्या हातीं उरलें होतें तें एवढेंच, कीं अशा घातक वस्तूंचें प्रदर्शन मांडावें. १९३३ मध्यें त्यांनीं तें मांडलें, आणि पापण्या रंगविण्यापूर्वींचें व नंतरचें एका स्त्रीचें छायाचित्र त्यांत लोकांना पाहावयास मिळालें. पांच वर्षांच्या वादानंतर १९३८ मध्यें नवा कायदा झाला, आणि त्याखालीं ज्या वस्तूंवर प्रथम कारवाई झाली त्यांत हाच कलप होता.

या कायद्याला एक मोठें भगदाड मात्र राहिलें. डांबरजन्य केशरंग उत्पादकांच्या आग्रहामुळें बंदींतून वगळण्यांत आले. अट एवढीच कीं, वेष्टनावर इशारा छापावा, वापरण्यापूर्वीं त्वचेवर थोडा रंग लावून परीक्षा पाहावी असें सांगावें, आणि हा रंग पापण्यांना व भुंवयांना लावल्यास अंधत्व येऊं शकेल असें स्पष्ट लिहावें. म्हणजे धोकादायक वस्तु बाजारांतून हटविण्याऐवजीं धोक्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकण्यांत आली. भारतांत १९४० च्या औषधि व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालील नियमांनींहि पीपीडी असलेल्या कलपावर याच आशयाची सूचना इंग्रजींत आणि स्थानिक भाषांत छापण्याचें बंधन घातलें. घरोघरच्या आरशाशेजारीं पडलेल्या खोक्यावरील तें वाक्य असें दूर देशींच्या एका दुर्घटनेचें वंशज आहे. तें वाचण्यावर सारें अवलंबून आहे; न वाचलेला इशारा हा नसलेल्या इशाऱ्यासारखाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा घरांत शिरला. १९५० मध्यें क्लेरॉल या अमेरिकन कंपनीनें केस उजळविणें आणि रंगविणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करणारा रंग बाजारांत आणला, आणि जें काम पूर्वीं जाणत्या हातांनीं होत असे तें न्हाणीघरांत होऊं लागलें. १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांतील ब्रूस एम्स आणि त्यांचे सहकारी यांनीं बाजारांतील अशा १६९ केशरंगांची सूक्ष्म जंतूंवर परीक्षा केली, तेव्हां १५० रंगांनीं जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यांत बदल घडविले. त्यानंतर कित्येक घटक बदलण्यांत आले. कर्करोगाविषयीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१० मध्यें प्रसिद्ध केलेला निर्णय आजहि विचारांत घेण्याजोगा आहे. केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्यांचा रसायनांशीं रोज येणारा संबंध कर्करोगास बहुधा कारण होतो असें तिनें ठरविलें. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांविषयीं मात्र निश्चित अनुमान काढण्यास पुरेसा पुरावा नाहीं असें म्हटलें. आरशासमोर बसणारीपेक्षां तिच्या पाठीमागें उभ्या राहणारीला अधिक जोखीम आहे, ही गोष्ट या चर्चेंत फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. काळा कलप लावलेले केस उजळ कसे करावे? बहुतेकांचा पहिला प्रयत्न असा असतो कीं, फिकट रंगाची पेटी आणावी आणि ती काळ्यावर लावावी. हा प्रयत्न फसतो. फिकट रंगांतील पेरॉक्साइड नैसर्गिक मेलॅनिनला हलवूं शकतें, पण फेर धरून बसलेल्या कलपाच्या मोठ्या कणांपुढें त्याचें फारसें चालत नाहीं. रंगानें रंग उतरत नाहीं, असें या धंद्यांतील एक जुनें सूत्र आहे, तें यामुळेंच. उलट मुळांजवळचे नवे, न रंगविलेले केस तेवढे उजळतात, आणि डोक्यावर तांबूस मुळें व काळीं टोकें असा विचित्र देखावा उभा राहतो.

खरे मार्ग दोन. पहिला मार्ग क्षपणाचा, म्हणजे प्राणवायु देण्याऐवजीं काढून घेण्याचा. गंधकयुक्त क्षपणकारी द्रव्यें लावलीं असतां कलपाच्या कणांचा फेर सुटतो, ते पुन्हां लहान व वर्णहीन होतात आणि धुऊन बाहेर पडूं शकतात. या मार्गाला केसांतील मेलॅनिनशीं कर्तव्य नसतें, म्हणून तो सौम्य. मात्र धुण्यांत कसूर झाली आणि ते कण आंत राहिले तर हवेंतील किंवा पुढच्या रंगांतील प्राणवायूनें ते पुन्हां जुळतात, आणि आठवड्याभरांत केस पुन्हां काळवंडतात. त्यासाठीं भरपूर पाण्यानें बराच वेळ धुणें हाच या कृतीचा आत्मा आहे. शिवाय कलप निघाल्यावर मूळचा काळा केस परत मिळत नाहीं. कलपाच्या खालीं लपलेला तांबूस वर्ण उघडा पडतो. दुसरा मार्ग विरंजनाचा. यांत पेरॉक्साइडमध्यें पर्सल्फेट नांवाचे क्षार असलेली भुकटी मिसळतात. हें मिश्रण कलप आणि मेलॅनिन दोहोंवर चालतें, पण केसाच्या गाभ्यावरहि तितक्याच जोरानें चालतें. त्याची उडालेली भुकटी श्वासावाटे वारंवार आंत गेल्यानें केशभूषाकारांना दम्याचा विकार जडतो, हेंहि वैद्यांनीं नोंदलें आहे. म्हणून आधीं पहिला मार्ग चोखाळावा आणि त्यानें न हाललेल्या रंगापुरताच दुसरा योजावा, हा क्रम शहाणपणाचा.

या टप्प्यावर वराहमिहिराचें लोहचूर्ण आणि रोमनांचें शिसें पुन्हां आठवावें लागतें. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं कलपांत आणि मिश्र मेंदींत धातूंचे क्षार असतात. ते केसांत असतांना वरून पेरॉक्साइड पडलें तर कांहीं धातु त्याचें विघटन एकाएकीं घडवितात; केस तापतो, वाफा निघतात, आणि तो हातांत तुटून येऊं शकतो. तांबें यांत विशेष दुष्ट. म्हणून जाणता केशभूषाकार आधीं विंचरतांना पडलेले थोडे केस घेतो, कांचेच्या पेल्यांत शेंकडा ६ प्रमाणाच्या पेरॉक्साइडमध्यें अमोनियाचे कांहीं थेंब टाकून त्यांत ते अर्धा तास बुडवून ठेवतो, आणि काय होतें तें पाहतो. पेला तापला, बुडबुडे उसळले, केस विरघळूं लागले किंवा भलताच रंग आला, तर त्या डोक्याला रसायन लावूं नये. शुद्ध मेंदी निराळी. तिचा तांबूस रंग केराटिनलाच चिकटतो आणि उतरण्यास अत्यंत चिवट असतो, पण तींत हा स्फोटक स्वभाव नाहीं.

पेल्यांतील परीक्षा केसांसाठीं, तशी त्वचेसाठीं दुसरी परीक्षा. कानामागें किंवा कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें मिश्रण लावून दोन दिवस वाट पाहावी. पूर्वीं कधीं त्रास झाला नाहीं म्हणून ही परीक्षा टाळणें घातक आहे, कारण पीपीडीची बाधा बहुधा पहिल्याच वेळीं दिसत नाहीं. शरीर आधीं त्या द्रव्याशीं वैर धरतें आणि पुढच्या भेटींत तें उगवतें. हातांवर लवकर चढावी म्हणून पीपीडी मिसळलेली काळी मेंदी बाजारांत विकली जाते. एखाद्या मुलीच्या हातांवर लग्नसमारंभांत तिचे फोड येतात, ते बरे होतात, विसरले जातात. आणि वीस वर्षांनीं पहिला पांढरा केस झांकण्यासाठीं लावलेल्या कलपानें तिचें तोंड आणि डोळे सुजतात. दोन्ही प्रसंगीं अपराधी एकच असतो, पण त्यांची सांगड कोणी घालीत नाहीं.

उरलेले नियम या इतिहासांतून आपोआप निघतात. पेरॉक्साइड जितकें सौम्य तितकें बरें. पेढीवर ते १०, २०, ३० आणि ४० अशा घनमानांनीं ओळखतात. त्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ३, ६, ९ आणि १२. यूरोपांत केसांसाठीं शेंकडा १२ ही कायद्यानें घातलेली कमाल मर्यादा आहे, आणि डोक्याच्या त्वचेला स्पर्श होणाऱ्या कामांत तिच्या जवळपास जाण्याचें कारण नाहीं. एका बैठकींत एक दोन पायऱ्या उतराव्या, मध्यें कांहीं आठवडे जाऊं द्यावे, आणि तेवढ्या काळांत केसांना उष्ण यंत्रांचा ताप देऊं नये. आदल्या दिवसापासून डोकें खसखसून धुऊं नये. त्वचेवरील तेलकटपणा हेंच तिचें चिलखत असतें. खरचटलेल्या किंवा फोड आलेल्या त्वचेवर कांहीं लावूं नये. हातमोजे घालावे, खिडकी उघडी ठेवावी, भांडें धातूचें घेऊं नये, आणि उरलेलें मिश्रण बंद बाटलींत सांठवूं नये. त्यांतून सुटणारा वायु बाटली फोडतो. मुळांशीं उष्णता अधिक असल्यामुळें तेथें रंग लवकर उतरतो, म्हणून तेथें मिश्रण शेवटीं लावावें. आग होऊं लागली तर घड्याळाकडे न पाहतां धुऊन टाकावें. आणि पापण्या व भुंवया यांच्या वाटेला मुळींच जाऊं नये. ती वाट १९३३ सालींच मोजमाप होऊन बंद झाली आहे.

याशिवाय आणखी एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत जुना व सर्वांत निर्धोक आहे. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. कलप लावणें थांबविलें, आणि पार्लरांत मधूनमधून बारीक बटा उजळवून घेऊन नव्या-जुन्या केसांतील सीमारेषा मिटवीत गेलें, तर वर्ष दीड वर्षांत काळा भाग कात्रीनेंच निघून जातो. या मार्गानें ना बंध तुटतात, ना त्वचा भाजते. त्याला जें मोल द्यावें लागतें तें वेळाचें. व्हेनिसच्या स्त्रिया मचाणावर हेंच मोल मोजीत होत्या. तेनारच्या बाटलीनें तें वांचविण्याचें आश्वासन दिलें, आणि पुष्कळ अंशीं तें पाळलेंहि. पण जेथें जेथें मनुष्यानें तें मोल अजिबात बुडवूं पाहिलें, तेथें तेथें केसांनीं किंवा डोळ्यांनीं त्याची वसुली झाली आहे.